मखरातलं ग्रंथालय

'शांतता राखा' ही पाटी मी नोकरीत बऱ्याच ठिकाणी लावली. पण ती मनापासून पाळली फक्त पोलादपूरनं. सकाळी मी दार उघडायचो, संध्याकाळी लावायचो, आणि मधल्या वेळात शांतता माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसायची. खुर्च्या भरपूर होत्या. ती रोज वेगळी निवडायची.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाची शाखा पोलादपुरात का निघाली, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, दिवस उत्साहाचे होते. मुंबईत कोणीतरी भिंतीवरच्या नकाशापुढे उभं राहून 'ज्ञान खेड्यापाड्यांत गेलं पाहिजे' असं म्हणालं असणार आणि हातातली टाचणी समोर दिसेल तिथे टोचली असणार. टाचणीबरोबर कोणाला तरी पाठवावं लागतं. माझ्या घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं, त्यामुळे बदली नाकारायला सबबही नव्हती.

शाखा म्हणजे मुरादशेठच्या भाताच्या वखारीचा पुढचा भाग. मुरादशेठचा भाताचा व्यापार होता आणि एक लॉरी होती. मागे भात, पुढे ज्ञान, आणि मधल्या फळ्यांच्या फटींतून दोन्हीकडे मोकळेपणाने वावरणारे उंदीर. ते माझे पहिले वाचक. अर्थशास्त्राकडे त्यांचा ओढा विशेष होता. काव्याला त्यांनी तोंड लावलं नाही. शिपाई म्हणून गावातलाच गोमाजी मिळाला होता. तो भला माणूस होता, पण झोपेचा मोठा. कधी काळी कोणी वाचक आलाच, तर गोमाजीला झोपलेला पाहून त्याने चवड्यांवर परत जावं, इतकी ती झोप गाढ आणि आदरणीय दिसायची.

एकटेपणाची गंमत अशी, की तो पहिल्यांदा माणसाला लबाड करतो. हातात चालू घड्याळ असताना मी एस.टी. स्टँडवर जायचो आणि दिसेल त्याला "वाजले किती हो?" म्हणून विचारायचो. तेवढीच दोन वाक्यांची देवाणघेवाण. आठवड्याभरात गावात बातमी झाली की मास्तराचं घड्याळ बंद पडलंय. (ग्रंथपाल हा शब्द पोलादपूरला मान्य नव्हता. पुस्तकं आहेत म्हणजे मास्तर.) मुरादशेठ स्वतः आले आणि म्हणाले, "द्या इकडे. लॉरी महाडला चाललीय, दुरुस्त करून आणतो." नको कसं म्हणणार? घड्याळ गेलं. महाडच्या घड्याळजीने ते उघडलं, दोष सापडेना म्हणून पुन्हा पुन्हा उघडलं, आणि परत आलं तेव्हा ते खरोखरच बंद होतं. निदान यापुढे वेळ विचारताना मला खोटं बोलावं लागणार नव्हतं.

अशात मुंबईहून परिपत्रक आलं. प्रत्येक शाखेने ग्रंथांचं आकर्षक प्रदर्शन मांडावं, साधनसामग्रीची माहिती वाचकांना द्यावी, आणि विद्यापीठाच्या ताज्या वार्ता फलकावर लिहाव्यात. दिवाळीच्या आधी उपग्रंथपाल साहेब पाहणीला येतील. तोपर्यंत एकही पुस्तक वाचकाच्या घरी गेलेलं नसेल, तर शाखा बंद.

शाखा बंद झाली असती तर मी रस्त्यावर येणार नव्हतो. मुंबईच्या तळघरात पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवायचं काम माझी वाट पाहत होतंच. पण माझी एक साधी इच्छा होती. एका तरी माणसाने एक पुस्तक घरी न्यावं आणि परत आणून देताना त्याबद्दल दोन शब्द बोलावेत. "भिकार आहे" एवढे दोन बोलला असता तरी मी त्याला चहा पाजला असता.

आधी वार्ताफलक केला. दाराबाहेर काळा फळा टांगला आणि सुबक अक्षरांत लिहिलं : 'मुख्य ग्रंथालयात सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) वाचण्याचे यंत्र दाखल. संशोधकांनी लाभ घ्यावा.' शेजारच्या गोदूबाईंनी मला ते वाचून दाखवायला लावलं. या विधवा बाईंचं चहाचं खोपट होतं आणि गावातल्या प्रत्येक बाबतीत त्यांचं मत तयार असायचं.

"म्हंजी यंत्र वाचतं?" त्या म्हणाल्या.

"नाही, यंत्रातून माणूस वाचतो."

"मग तो यंत्राबिगर का नाय वाचत? डोळं आल्यात का?"

याचं उत्तर विद्यापीठाकडेही असेल असं वाटत नाही.

मुरादशेठ म्हणाले, "मास्तर, यंत्र राहू द्या. कशेडी घाटात दरड आलीय, ते लिहा. माझे दोन गिऱ्हाईक आत्ता उगाच तिकडे गेले." मी लिहिलं. संध्याकाळपर्यंत फळ्यापुढे गर्दी. दुसऱ्या दिवशी लोक विचारू लागले, आंबेनळीचा घाट चालू आहे का, मुंबईची गाडी भरून आली की रिकामी, कोणाची म्हैस सुटलीय. मी सगळं लिहीत गेलो. फळा तालुक्यात गाजला. फक्त तो दाराच्या बाहेर होता, आणि वाचणारे वाचून बाहेरच्या बाहेर जात होते. त्यांच्या पाठी मला आता ओळखू येऊ लागल्या होत्या.

मग मी प्रदर्शनाला हात घातला. काचेचं कपाट पाठवा म्हणून मुंबईला लिहिलं. उत्तर आलं की कपाटाची मागणी कपाटाच्या मापांसह करावी. मी मापं कळवली. उत्तर आलं की या मापांचं कपाट नाही, सबब असलेल्या कपाटाची मापं कळवावीत. जे कपाट माझ्याकडे नव्हतं त्याची मापं कशी घ्यावीत, या तात्त्विक प्रश्नात मी अडकलेला पाहून मुरादशेठनी महाडच्या एका बेकरीचं जुनं कपाट लॉरीत घालून आणलं. काच उत्तम होती. मी आत इतिहास, शेती आणि प्रवासवर्णनं देखणी मांडली. सकाळी पाहतो तो मुंग्या. खारी आणि बटरचा वास लाकडात इतका मुरला होता की काळ्या मुंग्यांची रांग थेट मराठ्यांच्या इतिहासात शिरली होती आणि तांबड्या मुंग्या पलीकडून भातशेतीच्या बाजूने चाल करून येत होत्या.

"उचला ते," गोदूबाई म्हणाल्या. "माझ्या माळ्यावर गणपतीचं मखर हाय, लाकडी. ते न्या. पायऱ्या पन हायेत. मांडा तुमची बुकं."

मखर सुंदर होतं. रंगीत खांब, वर कमान, कमानीला जिलेटीनची फुलं. नवरात्र सुरू होतं, म्हणून त्यांनी झेंडूचं तोरणही बांधलं. मी पायऱ्यांवर पुस्तकं उभी केली, मागे कपाटं नीट लावली आणि चार पावलं मागे सरून पाहिलं. माझ्या साऱ्या नोकरीत मी इतकं देखणं प्रदर्शन पाहिलं नव्हतं. त्याच आनंदात मी दुसऱ्या दिवशी महाडला गेलो, कारण मुंबईहून आलेलं नव्या पुस्तकांचं पार्सल तिथे अडकून पडलं होतं. पार्सल सोडवताना अख्खा दिवस गेला.

परत आलो आणि दारातच थबकलो. बाहेर चपलांचा ढीग. आत माणसंच माणसं! बाया, म्हातारे, कडेवरची पोरं. मला भरून आलं. पोलादपूर वाचायला आलं होतं! मी घाईघाईने वाट काढत पुढे गेलो आणि मखरापुढे पोचलो. समई तेवत होती. प्रत्येक पुस्तकावर हळदकुंकवाची बोटं होती. कपाटांच्या दारांना कुंकू, रबरी शिक्क्याला कुंकू, किल्ल्यांच्या जुडग्याला फूल. टेबलावर मी विसरलेला वाचायचा चष्मा होता. त्याच्या दोन्ही काचांवर एकेक ठसठशीत टिळा होता.

गोमाजी पहिल्यांदाच पूर्ण जागा होता. "आज मूळ नक्षत्र, मास्तर," तो अभिमानाने म्हणाला. "सरस्वती बसवायचा दिवस. दामूभटानला बोलावलं. मखर झालं, बुकं झाली, आन् पूजा नाय म्हंजी कसं दिसल?"

"छान केलंस," मी म्हणालो, आणि समोरच्या म्हाताऱ्याकडे वळलो. हा हैबती. मुंबईच्या गिरणीत उभा जन्म काढून गावी परतला होता. हात जोडून, मान जराशी कलती करून तो वरच्या पायरीकडे पाहत होता. "बाबा, न्या की एखादं घरी. वाचा."

हैबती दोन पावलं मागे झाला. "पूजेतलं बुक?" तो म्हणाला. "मास्तर, तुमी शिकलेलं ना?"

गर्दीत कुजबुज झाली. मला लहानपणीचं आठवलं. सरस्वतीपुढे पुस्तकं ठेवली की विसर्जनापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्या काळी अभ्यास टळतो म्हणून आम्हाला ही देवी फार आवडायची. आता मी उलट्या बाजूला उभा होतो.

"कपाटातली चालतील ना?" मी दामूभटांना विचारलं.

"कपाटंही पूजलीत," दामूभट शांतपणे म्हणाले. "सरस्वती एकच. मुंग्यांनी खाल्लेली पुस्तकं तिच्यातच आली."

"बरं, माझा चष्मा तरी?"

"श्रवण नक्षत्रावर विसर्जन आहे. तोवर धीर धरा. तुम्ही वाचणार तरी काय आहात?"

हे खरं होतं. सगळी पुस्तकं पूजेत होती.

मग मी धीर धरला. रोज गर्दी यायची. चपला बाहेर काढून ओळीने आत यायची, नमस्कार करायची, तांदूळ वाहायची, मुलांना डोकं टेकवायला लावायची. मुरादशेठसुद्धा वहाणा काढून दारापर्यंत येत आणि तिथूनच म्हणत, "मास्तर, मांडलंय झकास." चष्म्याशिवाय मला जवळचे चेहरेही धूसर आकारांसारखे दिसत, ते माझ्याजवळून सरकत आणि बाहेर जात. देवापुढे कोणी बोलत नाही. रिकाम्या ग्रंथालयात मी निदान स्वतःशी बोलायचो; आता भरल्या ग्रंथालयात तीही सोय राहिली नाही. हैबती मात्र रोज यायचा आणि वरच्या पायरीसमोर सगळ्यांत जास्त वेळ उभा राहायचा. भाविक म्हातारा आहे, असं मी मनात नोंदवून टाकलं.

श्रवण नक्षत्र आलं. दामूभट आले नाहीत. कापडे गावात कोणाची तरी वास्तुशांत होती, तिथे त्यांना आग्रहाने जेवायला ठेवून घेतलं. ते परतले तोवर नक्षत्र सरलं होतं.

"आता?" मी विचारलं.

दामूभटांनी पंचांग उघडलं, बोट फिरवलं, आणि पंचांग मिटलं. "आता पुढच्या वर्षी."

"काय?"

"श्रवण नक्षत्रावर. नवरात्रातल्या."

कपाटाच्या मापांबद्दलचं विद्यापीठाचं पत्र मला यापुढे फारसं विचित्र वाटेना. दोन्ही कार्यालयांचा कारभार एकाच धाटणीचा होता.

चष्मा मी हट्टाने परत घेतला. त्यावर गोदूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मग एका दुपारी, कोणी नसताना, मी पायऱ्यांवरची पुस्तकं स्वतःच किंचित हलवली. तांदूळ वाहिले. 'पुनरागमनाय च' म्हणालो. झालं विसर्जन! फळ्यावरही लिहून टाकलं. त्याच संध्याकाळी कशेडीच्या वळणावर मुरादशेठच्या लॉरीचा आस मोडला.

"मास्तरानं सरस्वती हलवली," गाव म्हणालं.

"अहो, तो आस गेल्या वर्षापासून मोडायच्या बेतात होता," मुरादशेठ स्वतः ओरडून सांगत होते. पण त्यांचं कोण ऐकतंय? गोदूबाईंनी नारळ आणला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "फोडा. आन् बुकं हुती तशी ठेवा. इतकी मानसं कवा आलीवती तुमच्याकडं? आता आलीत, तर त्यास्नी पिटाळायला निघालात?"

मी नारळ फोडला. तोही नासका निघाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आणि साहेब आले. सुटाबुटात, हातात चामडी पिशवी. बाहेरच्या चपला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "अहो, ही तर क्रांती आहे!" ते म्हणाले. गोमाजीने त्यांना बूट काढायला लावले. मोज्यांतून बाहेर आलेला एक अंगठा लपवत ते आत आले. मखर पाहिलं, गर्दी पाहिली, नव्या पार्सलचं न उघडलेलं खोकं पाहिलं. त्यालाही एव्हाना हार पडला होता.

"हे सगळे वाचक?" साहेबांनी हळूच विचारलं.

"सगळे," मी म्हणालो.

"काय वाचतात?"

"सध्या नमस्कार करतात."

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग त्यांनी पुढे होऊन पायरीवरच्या पुस्तकाला हात घातला, आणि इतके दिवस पाळलेली शांतता एका क्षणात संपली. "हां हां हां!" "हात नका लावू!" "सायेब, इसर्जन नाय झालं अजून!" एका म्हातारीने तर त्यांचं मनगटच धरलं. साहेबांनी हात मागे घेतला, तो दुसऱ्या हाताने धरला, आणि बाहेर फळ्यापाशी येऊन बूट घालता घालता मला विचारलं, "घरी किती पुस्तकं गेली?"

"पुढच्या वर्षी जातील," मी म्हणालो. "श्रवण नक्षत्रावर."

आठवड्यात हुकूम आला. 'प्रदर्शन अत्युत्तम. वार्ताफलक उपयुक्त. ग्रंथालय आढळले नाही. शाखा बंद करावी व ग्रंथांसह मुंबईस यावे.' नवं भात आलं होतं आणि मुरादशेठना वखार हवीच होती, तरी ते म्हणाले, "राहा हो अजून चार दिवस. भात पावसात थोडंच आहे?"

मी पुस्तकं पेट्यांत भरायला घेतली, तर दामूभट म्हणाले, "भरा. सरस्वती गाव सोडून चालली, म्हणजे विसर्जन आपोआपच झालं. याला नक्षत्र लागत नाही." हे त्यांनी महिनाभर आधी सांगितलं असतं, तर मी पेट्या उचलून वखारीभोवती एक फेरी मारली असती.

निघायच्या दिवशी अख्खं गाव जमलं. पेट्या बैलगाडीत घातल्या, गाडीला तोरण, पुढे ढोल. बायकांनी पेट्यांना ओवाळलं. "पुढच्या वर्षी लवकर या," असं पेट्यांना सांगण्यात आलं. मी गाडीच्या मागून, माझी वळकटी काखेत धरून चालत होतो. स्टँडवर पेट्या मुंबईच्या एस.टी.च्या टपावर चढल्या, तसे शंभर हात जुळले. मीही चटकन हात जोडून सगळ्यांकडे पाहिलं, पण सगळ्यांच्या नजरा टपावर होत्या. एकट्या गोदूबाईंनी खिडकीतून घावन्यांची पुरचुंडी आत सारली आणि म्हणाल्या, "खावा वाटंत. आन् मुंबईला कुनाशी तरी बोलत जावा, मास्तर. फळ्यावर नुसतं लिवू नका." गाडी सुटली तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं नाही. धूळ फार होती.

थोड्या वेळाने कोणीतरी माझ्या शेजारी येऊन बसलं. हैबती. महाडला चालला होता, डोळे दाखवायला.

"मास्तर," तो म्हणाला, "इसर्जन झालं म्हनायचं ना आता? पक्कं?"

"पक्कं."

"मंग त्ये एक बुक जरा बघाया मिळल का? वरच्या पायरीवं हुतं. समुद्रातल्या बत्तीचं चित्र हाय बगा त्याच्यावं."

दीपगृहांवरचं पुस्तक. मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. इतके दिवस हा देवीला नमस्कार करत नव्हता.

"मुंबैला चाळीच्या गच्चीवं निजायचो ना आमी," हैबती सांगू लागला, "तवा रोज राती ती बत्ती दिसायची. उजेड यायचा, जायाचा. मला सारखं वाटं, थितं मानूस ऱ्हातो का? ऱ्हातो तर एकलाच ऱ्हातो का? कुनाशी बोलतो? गिरनीत इचारलं तर हसायचे समदे. म्हनलं, बुकात आसल लिवलेलं. पन बुक पूजेत."

"मला विचारायचंत की!"

"देवाफुडं कसं बोलायचं, मास्तर?"

महाड आलं. गाडी थांबली, हैबती उतरला. मी धोतर सावरून टपावर चढलो, सगळ्यांत खालची पेटी ओढली, हार तोडले, पुस्तकं उपसली. खालून कंडक्टर ओरडत होता, "ओ काका, सामान घ्यायचं का ठेवायचं?" पुस्तक सापडलं. हळदकुंकू अजून तसंच होतं. खाली उतरून मी ते हैबतीच्या हातात दिलं. त्याने ते दोन्ही हातांत घेतलं, पण उघडलं नाही.

"न्या घरी," मी म्हणालो.

"आन् परत कुटं द्यायचं? दुकान तर तुमी बंद केलंत."

तेही खरं होतं. कंडक्टरने घंटी मारली. "काका, येताय का नाही?"

मी खिडकीतून वळकटी आणि पुरचुंडी खाली ओढली आणि म्हणालो, "जाऊ दे गाडी."

पेट्या टपावर बसून एकट्याच मुंबईला गेल्या. 'ग्रंथ सुस्थितीत पोहोचले. ग्रंथपाल पोहोचल्याचे आढळत नाही,' असा साहेबांचा शेरा मी नंतर वाचला. त्या वेळी मी महाडच्या स्टँडवरच्या बाकावर हैबतीशेजारी बसलो होतो. त्याने पहिलं पान उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि मोठ्याने, अक्षर अक्षर लावत वाचायला सुरुवात केली. पान संपायला बराच वेळ लागला. मग तो माझ्याकडे वळला.

"एकलाच नसतो म्हनतंय," तो म्हणाला. "दोघं असतात. पन मला नाय पटत. दोघं असतील तर बत्ती इतकी एकसारखी कशी फिरल? भांडनं नाय हुनार?"

"होतील की," मी म्हणालो. "पुढे लिहिलं असेल."

"मी जरा सावकाश वाचतो हां, मास्तर. तुमची खोटी होत असंल."

"वाचा," मी म्हणालो, आणि घावन्यांची पुरचुंडी दोघांच्या मधे सोडली. "मला पुढची गाडी उद्याची आहे."